मध्येच थांबवले तर

गेल्या पावसाळ्यात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मी रुबिक क्यूब सोडवायला शिकलो. हे लिहितानाही थोडे ओशाळल्यासारखे होते. मराठीच्या प्राध्यापकाने पावसाळ्यात काय करावे याविषयी आपल्याकडे काही ठाम कल्पना आहेत आणि रंगीत ठोकळा फिरवत बसणे त्यांत मोडत नाही. पण पाटणला पाऊस एकदा ठाण मांडून बसला की कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या मधले हे गाव आठवडेच्या आठवडे एखाद्या ओल्या घोंगडीखाली गेल्यासारखे होते. वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्याही दिसेनाशा होतात. त्यातच वडिलांच्या आजारपणामुळे मला घर सोडता येत नव्हते. पुण्याहून आठ दिवसांसाठी आलेला भाचा जाताना आपला जुना क्यूब आणि वहीचे दोन फाटके कागद मागे ठेवून गेला.

त्या कागदांवर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी होत्या: आर, यू, आर प्राइम, यू प्राइम. कोणती बाजू कोणत्या दिशेने फिरवायची याची ही लघुलिपी. डेव्हिड सिंगमास्टर या लंडनमध्ये शिकवणाऱ्या गणितज्ञाने ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. या ओळींना क्यूबवाले अल्गोरिदम म्हणतात. मी त्यांचा अर्थ विचारू लागलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. बोटांना शिकवा. डोकं मध्ये आलं की वेळ जातो."

हे मला झोंबले. अठ्ठावीस वर्षे मी वर्गात याच्या नेमके उलट सांगत आलो आहे.

अल्गोरिदम या शब्दाला मराठीत निरनिराळे प्रतिशब्द सुचवले गेले आहेत. मला मात्र आपल्या प्राथमिक शाळेतलाच शब्द पुरेसा वाटतो: रीत. उदाहरण, रीत, उत्तर, ताळा अशी गणिताच्या वहीची चार घरे असत. उत्तर बरोबर आणि रीत चुकली तर अर्धे गुण कापले जात आणि उत्तर चुकून रीत बरोबर असली तर अर्धे मिळत, हा न्याय मला तेव्हाही उदार वाटे. अल्गोरिदमला 'रीत' म्हटले की तो यंत्राच्या पोटातला राहत नाही, घरातला होतो. भाकरी थापण्याची रीत, पाहुण्याला निरोप देण्याची रीत, तशीच ही.

एर्नो रुबिकने बुडापेस्टमध्ये १९७४ साली हा ठोकळा बनवला तेव्हा त्याच्याजवळ मात्र कोणतीच रीत नव्हती. वास्तुरचना शिकवणारा हा माणूस. हलणारे तुकडे सुटे न होता एकत्र कसे राहतील, हा त्याचा मूळ प्रश्न. तो सुटला, त्याने चार-सहा वळणे दिली, रंग विस्कटले आणि परत येण्याची वाट आपल्याला ठाऊक नाही हे त्याच्या लक्षात आले. त्या वाटेने घरी यायला त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. १९८२ साली त्याच बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती जिंकणाऱ्या मिन्ह थाईने २२.९५ सेकंदांत ठोकळा लावला. २०२३ साली मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत लावला. एका महिन्यापासून तीन सेकंदांपर्यंतचा हा प्रवास मुख्यतः पाठांतराचा आहे. आज बहुतेक वेगवान मंडळी जी पद्धत वापरतात ती जेसिका फ्रिड्रिक यांच्या नावाने ओळखली जाते. तीत खालचे दोन थर बरेचसे पाहून, समजून लावता येतात. शेवटच्या थरासाठी मात्र ५७ आणि २१ अशा ७८ रीती पाठ असाव्या लागतात. हे फारच झाले असे वाटणाऱ्यांसाठी सोळा रीतींची एक सवलत आहे. भाच्याच्या कागदांवर त्या सोळा होत्या.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते मराठीच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहे. एका विद्यार्थ्याने एकदा प्रकल्पात शके ११२८चा पाटणचा शिलालेख आमच्या पाटणात आणून बसवला होता. तो आपला नव्हे. चाळीसगावजवळच्या पाटणचा, पाटणदेवीचा. मराठीच्या अभ्यासकाला तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. पण मुळात तो लेख आहे एका मठाविषयी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो मठ स्थापला. आजोबांच्या त्या ग्रंथांतल्या 'लीलावती'त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू. त्या हातोहात बदलल्या तर मूर्ती किती तऱ्हांची होईल? छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे. विष्णूच्या चार हातांतल्या चार वस्तूंच्या चोवीस. हाच प्रश्न क्यूबला विचारला तर उत्तर येते ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. भास्कराचार्य एक, दश, शत असे मोजत परार्धापाशी थांबतात. हा आकडा चारशे बत्तीस परार्धांच्याही पुढे जातो. गंमत अशी की यांतल्या कोणत्याही स्थितीतून वीस किंवा त्याहून कमी वळणांत मूळ स्थितीला येता येते, हे २०१० साली संगणकांच्या साहाय्याने सिद्ध झाले. अंकपाश स्थिती मोजून देतो. परतीची वाट त्याच्या कक्षेबाहेरची.

मी वाटेपासूनच सुरुवात केली. पहिली चार वळणे सगळ्या रीतींचे जणू बीज आहेत. मी त्यांचे मराठी केले: उजवी वर, माथा डावीकडे, उजवी खाली, माथा उजवीकडे. लावलेल्या क्यूबवर ही चार वळणे दिली की थोडे बिघडते. पुन्हा दिली की आणखी बिघडते. पाचव्या आवर्तनापर्यंत काही खरे नसते आणि सहाव्याला सगळे रंग निमूटपणे आपापल्या घरी येतात. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी अक्षरशः दचकलो. खालीच्या आणि उजवीकडच्या परतफेडीचे हे फळ असेल म्हणून मग फक्त पहिली दोनच वळणे पुन्हापुन्हा देत गेलो. तेव्हाही सगळे परत येते, पण १०५व्या वेळी. माझी मोजणी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा संध्याकाळ झाली.

आठवडाभरात टी-पर्म नावाच्या रीतीपाशी पोचलो. ही चौदा वळणांची. पहिली चार ओळखीची, पुढची दहा नवी. शेवटच्या थरातले दोन कोपरे आणि दोन कडा यांची अदलाबदल करते, बाकी कशालाही हात लावत नाही. मधल्या वळणांत मात्र खालचे दोन्ही थर उसवलेले असतात. काही क्षण असे वाटते की आपण सगळा संसार मोडला. चौदाव्या वळणावर तो पुन्हा उभा राहतो. ही रीत मला आधी कागदावरून येत असे, मग तोंडाने म्हणत म्हणत आणि तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी ती तोंडातून गेली आणि बोटांत उतरली. त्यानंतर तिला काय म्हणायचे तेच मला सांगता येईना. भाच्याने फोनवर विचारले, "मामा, सहावी मूव्ह कोणती?" मला ठाऊक नव्हते. ती जाणून घ्यायला मला क्यूब हातात घेऊन पहिल्यापासून सुरू करावे लागले.

आणि नेमके इथेच अण्णांचा संबंध येतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, याच खोऱ्यात चाळीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते. आता वय त्र्याऐंशी. तीन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. ११ डिसेंबर १९६७ची भूकंपाची पहाट ते अजून सांगतात, कोणती भिंत आधी आणि कोणती नंतर पडली त्यासकट. सकाळी काय खाल्ले ते सांगू शकत नाहीत. मी त्यांचा मुलगा आहे हे त्यांना कधी आठवते, कधी नाही. न आठवण्याच्या दिवशी मी त्यांच्या लेखी शाळा तपासायला आलेला साहेब असतो. मग ते कॉटवर ताठ बसतात, सदऱ्याचे वरचे बटण लावतात आणि म्हणतात, "साहेब, वर्ग तयार आहे. पाढे ऐकता?"

वर्ग म्हणजे तेच. ते औटकी म्हणू लागतात. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचे राज्य' एवढ्यापुरताच हा शब्द आता माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, तोही न कळता. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची माळ. शेर, पायली, आणे, पै यांच्या जगात ती रोजच्या व्यवहाराची होती. १९५७ साली नाणी दशमान झाली आणि पुढे वजनेमापेही, तेव्हा तिची गरज संपली. अण्णा मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे मुलांकडून ती म्हणवून घेत. वरिष्ठांनी एकदा हटकले तेव्हा त्यांनी म्हणे उत्तर दिले होते की, दशांश हिशेबासाठी आणि औटकी जिभेसाठी.

एका संध्याकाळी मी त्यांच्या कॉटशेजारी बसून टी-पर्म करत होतो आणि ते साहेबांना औटकी ऐकवत होते. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. मी बोटांनी, ते जिभेने. दारावरची बेल वाजली. मी विचारले, "अण्णा, कोण आलं असेल?" ते थांबले. मीही थांबलो. दार उघडून परत आलो तेव्हा माझ्या हातात आठ-नऊ वळणांनंतरचा, धड ना इकडचा ना तिकडचा असा क्यूब होता आणि पुढे काय, हे बोटांना आठवत नव्हते. अण्णा सातवर अडकले होते. सात औट, सात औट, असे म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, साडेचोवीस. त्यांना ते पटले नाही किंवा उपयोगाचे वाटले नाही. क्षणभर त्यांचा चेहरा फार केविलवाणा झाला. मग ते पहिल्यापासून सुरू झाले. एक औट औट. आणि या वेळी सातवर न थांबता पुढे गेले.

मला पहिल्यापासून सुरू करण्याची सोय नव्हती. पाढा मध्ये तुटला तरी त्याची सुरुवात जागेवर असते. क्यूबची सुरुवात आपण स्वतःच पुसत पुढे आलेलो असतो.

पाठ केलेल्या गोष्टीला सुरुवात असते, शेवट असतो, पण मध्य नसतो. तिच्यात मधून शिरता येत नाही. समजणे म्हणजे काय, याची मी वर्गात देत आलो त्या सगळ्या व्याख्यांपेक्षा ही मला अधिक उपयोगी वाटते: कुठूनही आत येता येणे. इतपत मी त्या संध्याकाळी लिहून ठेवले आणि स्वतःवर खूश झालो. रात्री झोप लागेना तेव्हा तिची आठवण झाली.

ती म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी. पठारावरच्या एका वाडीतली, रोज दोन तास चालून आणि एसटीने यायची. तोंडी परीक्षेत मी तिला संतसाहित्यावरचा एक साधा प्रश्न विचारला आणि तिने उत्तर सुरू केले. दुसऱ्याच वाक्याला मला कळले की ती माझीच टिपणे म्हणते आहे, माझ्याच स्वल्पविरामांसह. मी तिला मध्येच थांबवले आणि शेवटच्या वाक्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. ती गप्प झाली. मग तिने पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. मी पुन्हा थांबवले. तिने पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी मी शेजारच्या परीक्षकांकडे पाहून हसलो आणि "पोपट" असा एक शब्द उच्चारला, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्या वेळी मला ते शैक्षणिक बाणेदारपणाचे लक्षण वाटले होते. पुढे एकदा संमेलनाच्या निमित्ताने कळले की तिला आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत होत्या. मी तिला त्याविषयी कधी विचारले नव्हते. तिने पुढच्या वर्षी विषय बदलला.

माझे म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. टिपणे घोकून साहित्य कळत नाही. पण ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती ते निर्लज्जपणाने किंवा मठ्ठपणाने नव्हे; तिच्याजवळ आत जाण्याचे तेवढे एकच दार होते आणि मी दरवेळी तिला तिथून बाहेर ओढत होतो. तिला शेवटपर्यंत जाऊ दिले असते आणि मग विचारले असते तर? कदाचित काहीच निघाले नसते. पण मी ते पाहिले नाही.

आपल्या भाषेत 'पाठ' या एकाच शब्दाला किती कामे दिली आहेत पाहा. मुखोद्गत केलेले ते पाठ, शिकवायचा धडा तो पाठ आणि ग्रंथाची संहिता तीही पाठ, म्हणूनच पाठभेद. हस्तलिखितांच्या जगात कागद हरवला तर माणूस हाच ग्रंथ. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाल्यावर ते अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते; एकपाठी म्हणून नावाजलेल्या हिराईसेच्या नावाने एक पाठच ओळखला जातो. आज आपण ज्या गद्याचे गोडवे गातो ते आपल्यापर्यंत पोचले याला, मी ज्याला पोपटपंची म्हणत आलो, त्या गुणाचाही हातभार आहे. (क्यूबच्या रीतींनाही पाठभेद असतात. एकाच अदलाबदलीसाठी तीन-चार निरनिराळ्या ओळी आणि त्यांवरून होणारे वाद आमच्या संपादकीय वादांइतकेच कडवे.)

शिवाय पाठांतर करणारे लोक मध्याच्या अडचणीविषयी अजाण नव्हते. वेदपाठींच्या विकृती पाहा: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन. घनपाठात पहिले पद, दुसरे, मग दुसरे, पहिले, मग पहिले, दुसरे, तिसरे, तिसरे, दुसरे, पहिले, पुन्हा सुलट. अर्थाच्या दृष्टीने हे उलटेसुलटे निरर्थक आहे, संस्कृतात उलट्या क्रमाने संधीसुद्धा वेगळे होतात. पण प्रत्येक पद पुढून, मागून, शेजाऱ्यांसह इतक्या वेळा हाताळले जाते की एखादे गळले तर ताबडतोब कळावे. पाठांतराने स्वतःसाठी शोधलेला ताळाच तो. ही विद्या कुणासाठी राखून ठेवली गेली आणि कुणाला नाकारली गेली, हा इतिहास मी विसरलेलो नाही. तिच्या कौतुकात तो गाळू नये. जात्यावरच्या ओवीला तसले घनपाठाचे छत्र कुणी दिले नव्हते, तरी ती टिकली, आणि टिकताना दर घरी थोडी बदलली.

मग मी टी-पर्म उलटी शिकायला घेतली. चौदाव्या वळणापासून पहिल्याकडे, प्रत्येक वळण विरुद्ध दिशेने. त्याची व्यवहारात काहीही गरज नाही, कारण ही रीत दोनदा केली की क्यूब आपोआप पूर्ववत होतो. ताळा तिच्यातच आहे. भाचा म्हणाला, याने वेळ कमी होणार नाही. तो म्हणतो ते बरोबरच. माझा वेळ एक मिनिट चाळीस सेकंदांच्या खाली गेलेला नाही आणि मधून जेव्हा मी विचार करू लागतो तेव्हा तो दोन मिनिटांवर जातो. पण महिनाभर उलटसुलट केल्यावर आता मला सहावे वळण सांगता येते. नवव्यानंतर कुणी हटकले तर हातातल्या विस्कटलेल्या ठोकळ्याकडे पाहून आपण कुठे आहोत हे बहुधा ओळखू येते. बहुधाच.

हाच प्रयोग मी अण्णांवर करून पाहिला, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या तपासणीच्या एका दिवशी ते "सहा औट एकवीस" पर्यंत आले आणि मी साहेबाच्या आवाजात विचारले, "आणि त्याच्या आधी?" ते गप्प झाले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांचा उजवा हात हवेत थोडा उचलला गेला, फळ्यावर काही पुसावे तसा फिरला आणि खाली आला. तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही.

परवा ते परत बटण लावून बसले. मी क्यूब बाजूला ठेवला आणि हात मांडीवर घेऊन ऐकत राहिलो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, फोन वाजून बंद पडला, शेजारचे कुणीतरी दारात येऊन उभे राहिले. मी हातानेच त्यांना थांबायला सांगितले. आठ औट अठ्ठावीस. नऊ औट साडेएकतीस. दहा औट पस्तीस. अण्णांनी श्वास घेतला, माझ्याकडे पाहिले.

"आता पाउणकी घेऊ का, साहेब?"

"घ्या, गुरुजी," मी म्हणालो.